समितीचं काम शेवटी

समजा, सोमवारी सकाळी नऊ वाजता तुम्ही टेबलाशी बसला आहात आणि समोर दुरुस्त्यांची यादी आहे. कामं एकशे चौदा, मिस्त्री दोन. बारा नंबरच्या छतातून पाणी ठिबकतंय. एकतीस नंबरचं दार नीट लागत नाही आणि तिथल्या बाईचा आधीचा नवरा परवाच तुरुंगातून सुटलाय. पन्नासमधल्या म्हाताऱ्याचा गिझर बंद आहे, पण त्याचं रोजच काही ना काही बंद असतं. पहिल्या मजल्यावरच्या एका बाईला आंघोळीच्या टबाशेजारी, भिंतीत, धरायला दांडी बसवून हवी आहे. आता पेन्सिल घ्या आणि नंबर घाला, एक ते एकशे चौदा. एवढंच ध्यानात ठेवा की ही सगळी माणसं तुमच्याच जिन्यावर राहतात. संध्याकाळी पाव आणायला खाली उतरलात की तीच तुम्हाला भेटणार आहेत.

ग्लेनिस आर्मिटेज हे काम सात वर्षं करत आली, एक पैसा न घेता. क्रॅबट्री इस्टेट या वसाहतीतल्या तिन्ही इमारतींत तिच्याइतकं सरळ माणूस नाही, हे तिचे वैरीसुद्धा कबूल करत. तिला ते माहीत होतं. तीच सगळी गोम होती.

त्याआधी सव्वीस वर्षं ती बिस्किटांच्या कारखान्यात होती. सरकत्या पट्ट्यावरून बिस्किटं येत, त्यातली तुटकी वेचून बाजूला टाकायची. नवरा लवकर गेला. मुलाला दमा, आणि त्याच्या खोलीच्या भिंतीवर काळी बुरशी. घरमालक असलेल्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, खिडकीपुढं तिनं त्या भिंतीपायी नऊ वर्षं रांगा लावल्या. एकदा खिडकीतल्या पोरीनं तिला सांगितलं, की बाई, तुमच्या घरात श्वास फार घेतला जातो, त्यानं ओल धरते, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि किटली कमी उकळा. बाहेर बर्फ पडत होतं. त्याच आठवड्यात शेजारच्या इमारतीत एका नगरसेवकाच्या भाच्याकडं नवीकोरी दुहेरी काचांची खिडकी बसली. त्याची जुनी खिडकी धड होती.

म्हणून जेव्हा कायदा आला, की कौन्सिलच्या भाडेकरूंनी बहुमतानं ठरवलं तर घरांची देखभाल ते स्वतःच्या हातात घेऊ शकतात, तेव्हा ग्लेनिस उठली. दोन वर्षं तिनं दारं ठोठावली. अर्जावर समितीची सात नावं लागत होती. सहा जमली, सातवं मिळेना. तेव्हा तिनं नोरा ब्रॉडबेंटचं नाव घातलं.

नोरा तिची तीस वर्षांची मैत्रीण. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, बिनलग्नाची, शनिवारी बिंगो हा आकड्यांचा खेळ आणि रविवारी ग्लेनिसकडं जेवण एवढाच तिचा पसारा. तिला समितीबिमितीतलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. ती म्हणाली होती, की मी चहा करीन, आणखी काही विचारू नका. पण ठराव मांडला की त्याला कुणीतरी अनुमोदन द्यावं लागतं, आणि बाकीचे तेवढ्यात सिगारेट पेटवत असत किंवा भांडत असत. म्हणून अनुमोदनाचं काम नोराकडं आलं. ग्लेनिस ठराव वाचायची आणि किटली हातात धरून नोरा दुसरा हात वर करायची. लोक तिला मिस अनुमोदन म्हणू लागले. तिला त्याचं वाईट वाटत नसे.

मतदानाच्या आधीच्या सभेत सभागृह गच्च भरलं होतं. मागच्या रांगेतून शर्ली मूरहाउस उभी राहिली. ती नोराच्या बरोबर खालच्या घरात, तळमजल्यावर राहायची आणि तिला कुणाचंच पटायचं नाही. तिनं विचारलं, "कौन्सिल गेलं की तुम्ही येणार. मग आधी खिडक्या कुणाच्या बदलणार गं, ग्लेनिस? तुझ्याच ना?"

सगळे हसले. ग्लेनिसचे कान लाल झाले. तिनं तोंडाजवळचा माईक बाजूला सारला आणि म्हणाली, "समितीत जो बसेल त्याच्या घरचं काम यादीत सगळ्यात शेवटी. माझंसुद्धा. हे लिहून घ्या."

त्या एका वाक्यानं मतदान जिंकलं, असं पुढं सगळेच म्हणायचे. पहिल्याच बैठकीत तो नियम झाला. अनुमोदन नोराचं.

नियमातली चूक कुणाच्या लक्षात आली नाही. ती अशी, की यादी ही काही दळणाची रांग नसते. तिच्यात रोज नवी कामं येतात, आणि येतील ती सगळी शेवटच्यांच्या आधी बसतात. म्हणजे शेवटी हा कुठला नंबर नव्हताच. टबाशेजारची ती दांडी नोरालाच हवी होती, आणि ती मे महिन्यात एकशे नवव्या जागी होती आणि ऑक्टोबरमध्येही एकशे नवव्याच जागी होती. दोन्ही मिस्त्री दिवसाला सहा कामं संपवत आणि दिवसाला सहा कामं नवीन येत.

हे पहिल्यांदा ओळखलं ते एव्हरार्ड ग्रीनिजनं. तो सुतारकाम आणि नळकाम दोन्ही करायचा, मूळचा बार्बाडोसचा, कमी बोलणारा. एका सोमवारी त्यानं यादी हातात धरून ग्लेनिसला सांगितलं, की नोराबाईंचं काम कधीच येणार नाही. गणितच तसं आहे. ग्लेनिस म्हणाली, की माझ्या स्वयंपाकघराचा नळही तीन वर्षं गळतोय, मी मेले का? तिनं खाली वाडगं ठेवलं होतं आणि पाहुण्यांना ते मुद्दाम दिसेल असं ठेवलं होतं.

एव्हरार्डनं मग शनिवारी सुट्टीच्या दिवशी स्वतःच दांडी बसवून द्यायचं ठरवलं. दांडी त्याच्या भावाच्या दुकानातली होती, काम वीस मिनिटांचं. तो ड्रिल घेऊन जिन्यात पोचला तर ग्लेनिस वरून उतरत होती. तिनं त्याला तिथंच थांबवलं. समितीचा पगारी माणूस, समितीचं ड्रिल आणि काम समितीच्या बाईचं. शर्लीनं पाहिलं तर सोमवारपर्यंत तिन्ही इमारतींत होईल, म्हणाली. एव्हरार्डनं विचारलं, की मग मी ड्रिलशिवाय, दातांनी दांडी बसवू का? ग्लेनिस हसली नाही. नोरा दार उघडून उंबऱ्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि एव्हरार्डला म्हणाली, की चहा तरी घेऊन जा.

ऑक्टोबरात नोरा टबातून बाहेर येताना एकदा घसरली. काही मोडलं नाही, पण दंडापासून कमरेपर्यंत जांभळी झाली. महिन्याच्या बैठकीत शेवटच्या विषयाला तिनं पहिल्यांदाच हात न करता तोंड उघडलं. समितीतून बाहेर पडलं तर दांडी मिळेल का, असं तिनं विचारलं.

बैठकीला कुणीही येऊन बसू शके आणि शर्ली नेमानं येई. ग्लेनिसनं तिच्याकडं पाहिलं. मग नोराकडं न बघता ती म्हणाली, की हे चालणार नाही. आज नोरा बाहेर पडेल आणि दांडी घेईल, उद्या दुसरा बाहेर पडून दार बदलून घेईल आणि परवा परत आत येईल. तिनं तिथल्या तिथं ठराव मांडला, की समिती सोडल्यावरही सहा महिने त्या माणसाचं काम शेवटीच राहील.

"अनुमोदन?" तिनं विचारलं.

आणि नोराचा हात वर गेला.

सवयीनं गेला. गेल्यावर तिलाच कळलं, तेव्हा तो मध्येच थांबला, पण खाली आला नाही. हसण्याचा असा स्फोट झाला की खुर्च्या हलल्या. शर्ली डोळे पुसत म्हणाली, "अगं बाई, हिच्या फाशीचा ठराव मांडा, दोरीसुद्धा हीच आणील." नोराही हसली. ग्लेनिसनं ठराव लिहून घेतला, सहा विरुद्ध शून्य, एक जण तटस्थ. तटस्थ ती स्वतः राहिली होती, मैत्रीण म्हणून. हे तिला फार न्यायाचं वाटलं.

त्या रविवारी नोरा जेवायला आली तेव्हा दोघी त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. ग्लेनिसनं तिच्या ताटात भाजलेल्या मांसाचा बाहेरचा कुरकुरीत तुकडा वाढला. तो नोराला आवडायचा.

जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी पावणेदहाला समितीच्या कचेरीतला फोन वाजला. फोन ग्लेनिसनंच घेतला, फोनवाली पोरगी तापानं घरी होती. शर्ली बोलत होती, की माझ्या डोक्यावर कुठंतरी पाइप ठोकल्यासारखे वाजतायत. ग्लेनिसनं तक्त्यात लिहिलेले प्रश्न विचारले. पाणी गळतंय का? नाही. गॅसचा वास येतोय का? नाही. विजेचं काही? नाही. तिनं नोंद केली: पाइपांचा आवाज, साधं काम, अठ्ठावीस दिवस.

साडेबाराला शर्लीचा पुन्हा फोन. अजून वाजतायत, म्हणाली, थांबून थांबून, डोकं उठलंय माझं. ग्लेनिसनं तिला सांगितलं, की एक काम दोनदा नोंदवत नाही आम्ही, कौन्सिलसारखा गोंधळ इथं नाही. शर्लीनं तिला एक शिवी दिली आणि फोन ठेवला.

अडीच वाजता तिसरा फोन आला, की थांबला बाई आवाज एकदाचा, तुमच्या मिस्त्र्यांवाचून थांबला. ग्लेनिसनं नोंदीवर आडवी रेघ मारली आणि पुढं लिहिलं: काम आपोआप मिटलं.

चार वाजता एव्हरार्ड किल्ल्या ठेवायला कचेरीत आला. नोंदवहीतली दिवसभराची कामं वाचायची त्याला सवय होती. त्या नोंदीपाशी तो थांबला. त्यानं विचारलं, की हे पाइप कुठले? शर्लीच्या वरचे, ग्लेनिस म्हणाली. एव्हरार्ड म्हणाला, की त्या जिन्यातले सगळे पाइप त्यानंच उन्हाळ्यात बदललेत. प्लास्टिकचे घातलेत. प्लास्टिकचे पाइप असे वाजत नाहीत.

एवढं बोलून त्यानं नोराच्या घराची किल्ली खिळ्यावरून काढली आणि पळत सुटला. पाठोपाठ निघायला ग्लेनिसला थोडा वेळ लागला, कारण कचेरीला कुलूप लावल्याशिवाय जायचं नाही असा नियम होता.

नोरा टबात आडवी होती. पाणी केव्हाच गार झालं होतं, आणि पाय उचलता येत नसल्यामुळं बूच काढता आलं नव्हतं. हातात पाठ घासायचा लांब दांड्याचा ब्रश होता. टबाच्या लोखंडी कडेचा पांढरा मुलामा एका जागी रुपयाएवढा उडालेला होता. एव्हरार्डनं तिला टॉवेलात गुंडाळली होती. ग्लेनिसला बघून नोराचे ओठ हलले. ती म्हणाली, "कचेरी कुणाकडं आहे?"

खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि छातीत पाणी झालं. सहा आठवडे ती इस्पितळात होती. मग तिला टेकडीवरच्या वृद्धाश्रमात हलवलं. तिथल्या बाईनं ग्लेनिसला स्पष्ट सांगितलं, की जून-जुलैपर्यंत ही घरी जाऊ शकेल, फक्त न्हाणीत धरायला काहीतरी हवं.

आता काय करायचं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. ग्लेनिसलाही दिसलं. पण पहिल्या आणि तळमजल्यावरची घरं साठीच्या पुढच्यांसाठी राखीव होती, आणि अशा घरासाठीच्या रांगेत पहिला नंबर होता शर्लीच्या आईचा. ती चौऱ्याऐंशी वर्षांची, सहाव्या मजल्यावर राहायची आणि लिफ्ट आठवड्यातून दोन दिवस चालायची. शर्लीनं धुलाईघरात सगळ्यांदेखत विचारलं, की नोराचं घर आता काय प्रदर्शनाला ठेवलंय का? म्हातारीला पायऱ्या चढून मरू द्या, पण अध्यक्षीणबाईंच्या मैत्रिणीची कपाटं हलता कामा नयेत. बाकीच्या बायका कपड्यांच्या घड्या घालत राहिल्या.

शर्लीची आई खरोखरच पायऱ्या चढायची, प्रत्येक मजल्यावर बसत बसत. ते ग्लेनिस रोज बघत होती. म्हणजे शर्ली बोलली ते खोटं नव्हतं, आणि ग्लेनिसला खोट्यापेक्षा खऱ्याचीच जास्त भीती वाटायची.

बैठकीत तिनं विषय स्वतः काढला. नोराबाईंना घर सोडण्याबद्दल विचारावं, असा ठराव तिनंच मांडला. अनुमोदन कोण देणार, असं तिनं विचारलं. मग एकानं घड्याळाकडं बघत हात वर केला.

पुढच्या गुरुवारी घर सोडण्याचा कागद घेऊन ग्लेनिस टेकडीवर गेली. नोरा खिडकीशी टेबलापाशी बसली होती, चष्मा नाकावर, पायांवर घोंगडी. ग्लेनिसनं येताना मनात बरंच काही जुळवून आणलं होतं. शर्लीच्या आईचं सांगायचं, जिन्याचं सांगायचं, आणि शेवटी म्हणायचं की तुझ्या मनात नसेल तर सही करू नकोस. त्यातलं पहिलं तिनं सांगितलं, दुसरंही सांगितलं. तिसरं सांगायच्या आत नोरानं विचारलं, "कुठं करू?"

ग्लेनिसनं बोट ठेवून जागा दाखवली.

नोरानं सही केली आणि कागद परत दिला. मग दोघींनी चहा घेतला. बिंगोला हल्ली कोण कोण येतं ते नोरानं विचारलं.

घर रिकामं करायला ग्लेनिस स्वतः गेली. रिकामं घर किती दिवसांत पुन्हा भाड्यानं दिलं हे कौन्सिल दर तीन महिन्यांनी मोजायचं, म्हणून रिकाम्या घरांची कामं सगळ्या यादीच्या आधी, तिच्यातल्या एक नंबरच्याही आधी, असा नियम होता. आणि साठीच्या पुढच्यांच्या घरात नवा भाडेकरू येण्याआधी काय काय असलंच पाहिजे याचा एक छापील तक्ता होता. धुराची घंटा, दाराला साखळी, टबाला दांडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी एव्हरार्ड न्हाणीत होता. ग्लेनिस स्वयंपाकघरात कपबशा कागदात गुंडाळत होती. ड्रिलचा आवाज झाला, चार भोकं पडली. वीस मिनिटं लागली. मग तो दारात येऊन उभा राहिला, हातावरची टाइल्सची पूड झटकत.

"बसली," तो म्हणाला. "ओढून बघणार?"

तिनं आणखी एक कप कागदात गुंडाळला.

"मी लटकून पाहिलं. माझं वजन शहाण्णव किलो आहे. नोराबाईंचं किती होतं?"

त्यानं हत्यारं पिशवीत भरली आणि जाताना दार हळू ओढून घेतलं. त्या महिन्यात त्यानं नोकरी सोडली. कारण विचारल्यावर पाठदुखी सांगितलं.

स्वयंपाकघराच्या शेवटच्या खणात, टेलिफोनच्या वहीवर, ग्लेनिसला एक चष्मा सापडला. जाड भिंगांचा, एका काडीला काळा दोरा गुंडाळलेला. तो तिच्या ओळखीचा होता. बिंगोचे आकडे नोरा ह्याच चष्म्यातून बघायची. लांबचं बघायचा तिचा दुसरा होता, पातळ, तपकिरी. ग्लेनिस तो चष्मा हातात घेऊन बराच वेळ आठवत राहिली, की गुरुवारी नोराच्या नाकावर कुठला होता, तो तपकिरी की वृद्धाश्रमानं करून दिलेला एखादा नवा. खिडकी होती, उजेड पाठीमागून येत होता. घोंगडीचा रंग आठवला, बशीतल्या बिस्किटाचाही आठवला. चष्म्याची काडी काही आठवेना.

घर नऊ दिवसांत गेलं. कौन्सिलच्या पाहणीत क्रॅबट्रीचा नंबर शहरात पहिला आला आणि ग्लेनिसला टाउन हॉलमध्ये बोलावून हारतुऱ्यांऐवजी एक काचेची तबकडी दिली. त्या वर्षीच्या निवडणुकीत तिच्याविरुद्ध कुणी उभं राहिलं नाही. शर्ली आईकडं जाता-येता आता तिला हात करते. समितीचं काम शेवटी हा नियम अजून आहे, इतर इस्टेटींतले लोक तो उतरवून घ्यायला येतात.

चष्मा ग्लेनिसनं पुढच्या रविवारी टेकडीवर नेऊन दिला. नोरानं तो लगेच डोळ्यांवर चढवला, बिस्किटांचा पुडा उचलला आणि मागं छापलेलं बारीक अक्षर, मैदा, साखर, पामतेल, मोठ्यानं वाचून दाखवलं. किती दिवस शोधत होते, असं ती म्हणाली नाही. बरं झालं आणलास, असंही म्हणाली नाही. पुडा तिनं ग्लेनिसपुढं सरकवला. तेव्हा विचारायला हवं होतं. पण बाजूच्या खुर्चीत एक म्हातारी जागी होती, आणि चहावाली आली.

त्यानंतर नोरा फार दिवस राहिली नाही. छातीच्या दुखण्यानं पुन्हा डोकं वर काढलं, आणि मे संपायच्या आधी ती गेली.

ग्लेनिस अजूनही सोमवारी नऊला यादी घेऊन बसते. पेन्सिल हातात असते आणि नंबर घालायचे असतात. पहिल्या नंबराशी येईपर्यंत तिला हटकून ते टेबल आणि ती खिडकी दिसते आणि हात थांबतो. त्या गुरुवारी नोरानं तो कागद वाचून सही केली होती, की नुसता ग्लेनिसचा चेहरा बघून?